धर्माद्याचा उमेदवार

आमच्या कारंज्याच्या कापूसबाजारात धर्म करणं फार सोपं होतं, कारण तो दुसऱ्याच्या खिशातून व्हायचा. शेतकऱ्याची गाडी तोलाला लागली की अडत्या आधी स्वतःची अडत कापायचा, मग हमाली, मग तोलाई, आणि सगळं कापून झालं की दोन्ही हात जोडून धर्मादा कापायचा. समोरच्याने हात जोडले म्हटल्यावर भांडायचं कसं? शेतकरीही हात जोडायचा. दोघांचे हात जोडलेले आणि एकाचा खिसा हलका, असा हा धर्म.

धर्माद्याची एक कमिटी होती. अध्यक्ष नेमासाव, सरकीचे व्यापारी. जोडीला दागिने गहाण ठेवून घेण्याचं दुकान. दुसरे जगदेवराव, घरची जमीन आणि बाजारात अडत. तिसरे शफीकभाई, त्यांचं गोणपाट आणि दोरखंडाचं दुकान. शफीकभाई कमी बोलायचे, आणि बोलायचे ते फक्त खर्च कुठल्या खात्यात बसतो एवढंच. कारण वाडवडिलांचा नियम होता: धर्मादा तीनच खात्यांवर खर्च करायचा. जनावरांचा चारा, पाणी, आणि देवळा-दर्ग्याची दिवाबत्ती.

कमिटीच्या बैठका माझ्या हॉटेलात व्हायच्या. हॉटेल म्हणजे बाजाराच्या फाटकाला लागून एक चूल, दोन बाकं आणि वर टिनाचं छप्पर. तिघं यायचे, चहा-भजी व्हायची, आणि त्याचे पैसे मला धर्माद्यातून मिळायचे. खातं 'पाणी'. माझ्या चहात पाणीच जास्त असतं, असं गिऱ्हाईक नेहमी म्हणायचं, त्यामुळे मलाही त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

हंगाम संपला की पाडव्याला बाजारातल्या कडुनिंबाच्या पारावर खर्चाचं वाचन व्हायचं. अध्यक्ष एकेक खातं मोठ्याने वाचणार आणि खाली बसलेल्या गाडीवाल्यांनी म्हणायचं, "पावलं." म्हणजे खर्च पोचला. चारा? पावलं. दिवाबत्ती? पावलं. पाणी? पावलं. कोणाला काय पावलं हे कोणी विचारत नव्हतं. पाण्याचं खातं वाचलं जाताना त्या अख्ख्या बाजारात खरं बोलणारा बहुधा मी एकटाच असायचो.

आणि पाणी तर बाजारात नव्हतंच. म्हणजे कोपऱ्यात विहीर होती, विहिरीला पाणीही होतं. पण बैल काही विहिरीत तोंड घालून पीत नाही. गाड्यांची रांग लागायची फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत. रांग सोडली की नंबर गेला. बायका घागरी भरभरून आणायच्या आणि बैलांना घमेल्यातून पाजायच्या. एका वर्षी फाल्गुनात मानोऱ्याकडच्या एका तांड्याचा नायक हेमला याचा बैल त्या रांगेतच जुवासकट खाली बसला, तो उठला नाही. त्याची बायको कमलीबाई बैलाचं तोंड मांडीवर घेऊन पाणी सोडत होती आणि पाणी ओठांतून बाहेर येत होतं. मी हे चुलीपासून पाहिलं, आणि त्या दिवशी मला कोणाचा राग आला होता ते सांगायला नको. नेमासाव तिथे आले, त्यांनी पागोटं काढलं आणि म्हणाले, "हेमला, पुढच्या हंगामाले धर्माद्यातून हौद बांधू. जनावराले पानी पाजन्याइतका धर्म नाई."

पुढचा हंगाम आला. हौद आला नाही. निवडणूक आली.

सत्तावन्न साल. आदल्या निवडणुकीत कमिटीला काही त्रास झाला नव्हता. कोण निवडून येणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्याला हार घातला आणि काम झालं. पण आता नागपूरचं राज्य गेलं होतं आणि आम्ही नुकतेच मुंबईला जोडले गेलो होतो. मुंबईचं सरकार बाजारातला धर्मादा कापणं बंद करणार, अशी आवई उठली होती. तेव्हा कमिटीने ठरवलं की धर्मादा वाचवायला आपला आमदार पाहिजे, आणि आमदार आपला करायला पैसा पाहिजे, आणि पैसा तर एकच होता. धर्माद्याचा.

उमेदवार दोन. एक वकीलसाहेब, त्यांची निशाणी दिवा. दुसरे एक पाटील, त्यांची निशाणी उंट. उंट आमच्या भागात कोणी पाळत नाही, पण पाटलांना तोच मिळाला आणि त्यांनी तो मानाने मिरवला.

बैठक भरली. मी चहा ठेवला. नेमासाव म्हणाले, "देनगीचंही एक शास्त्र हाय. जो निवडून येनारच हाय त्याले देऊन फायदा नाई, तो उद्या ओळख देनार नाई. जो पडनारच हाय त्याले दिलं त पैसा त्याच्यासंगंच पडला. चुरस कुठं हाय ते पाहाव अन् तिथं द्याव. चुरशीतला मानूस एकेका रुपयाले याद ठेवते."

"मंग चुरस कोनाची हाय?" जगदेवरावांनी विचारलं.

"दोघायची. चुरस दोघायचीच असते."

"म्हंजे कोनाले द्याचं?"

नेमासावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "दोघायले."

एवढं शास्त्र सांगून शेवटी दोघांनाही द्यायचंच होतं, तर एक बैठक आणि दोन वेळचा चहा वाचला असता. पण तो चहा माझा होता, म्हणून मी काही बोललो नाही.

अडचण खात्याची आली. उमेदवार हा चारा नाही, पाणी नाही, दिवाबत्ती नाही. मग शफीकभाई दाढी खाजवत म्हणाले, "वकीलसाब की निशानी दिवा हाय. दिवाबत्तीत बसते."

"अन् उंट?"

"उंट तो जानवरच हाय. चारा लिवा."

जगदेवरावांनी मांडीवर थाप मारली. नेमासावांनी डोळे मिटून समाधानाचा सुस्कारा टाकला. वाडवडिलांचा नियम तसूभरही मोडला नव्हता.

तेवढ्यात हेमला दारात येऊन उभा राहिला. त्याची गाडी रांगेत होती, एक बैल घरचा आणि एक भावकीतून मागून आणलेला. कमलीबाई घागर घेऊन मागे उभी. घागर कमरेवर, गळ्यात चांदीची जाडजूड हासळी. तिच्या आईची, आईच्या आईची.

"रामराम, सेटजी," हेमला म्हणाला. "हौदाचं इचाराले आलो. फाल्गुन जवळ आला."

"यंदा पैसा शिल्लक नाई रे," नेमासाव म्हणाले. "निवडनूक हाय. धर्मादा यंदा उमेदवारायले चालला."

"उमेदवारायले तहान लागली का?" हे कमलीबाई बोलली.

जगदेवराव हसले. त्यांना बायकांनी मध्ये बोललेलं चालायचं, फक्त ते मनावर घ्यायचे नाहीत. "हो ना वं! लय तहान लागली. अन् तुमालेही पाह्यजे असन त हेमला, तूच उभा राह्य. उमेदवार झाला की तुलेही देऊ. काय, सावजी?"

"देऊ, देऊ," नेमासाव हसत म्हणाले. शफीकभाईंनीही मान हलवली. आणि जगदेवरावांनी गंमत म्हणून हेमलाचा पंजा धरला आणि त्यावर खणखणीत टाळी दिली.

तिथे ते चुकले. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या बाजारात सौदा टाळीवर ठरतो. अडत्याने गाडीवाल्याच्या पंज्यावर टाळी दिली की मग भाव चढो की कोसळो, सौदा पक्का. कागद फाटलेले मी पाहिलेत, शपथा मोडलेल्या पाहिल्यात, टाळी फिरवलेली पाहिली नाही. जगदेवरावांचा हात तीस वर्षांच्या सवयीने आपोआप गेला, डोकं मागे राहिलं.

हेमला आपल्या पंज्याकडे पाहत उभा होता. कमलीबाईने माझ्याकडे पाहिलं. "हॉटेलवाले भाऊ, तुमी पाह्यलं ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

रांगेत गाडीपाशी त्या दोघांचं जे बोलणं झालं ते अर्ध्या बाजाराने ऐकलं. हेमला म्हणत होता, "अवं, ते हसून राह्यले होते." ती म्हणत होती, "हसत देल्ली का रडत देल्ली, टाळी ते टाळी. तुमी फारम भरा."

"फारमाले पैसे लागतात. डिपॉझिट म्हन्तात त्याले."

तिने घागर खाली ठेवली. मग मान वाकवून हासळी काढायला लागली. हासळी अंगठ्याएवढी जाड, वर्षानुवर्षं न काढलेली. मानेवर वळ उठला तेव्हा निघाली. "हे घ्या. सहाव्या हिश्श्याइतकी मतं पडली त डिपॉझिट वापस भेटते, मास्तर सांगत होता. तांड्यायची मतं तेवढी हायेतच. हासळी सोडवून आना. नाई आनली त पाहा."

हासळी कुठे गहाण पडली? नेमासावांच्याच दुकानात. नेमासावांनी ती तोलून घेतली आणि पैसे दिले. कशासाठी पाहिजेत हे त्यांनी विचारलं नाही. धंद्यात ते कधीच काही विचारत नसत.

हेमलाने फॉर्म भरला आणि निशाणी घागर मागितली. ती मिळाली.

बाजारात हसाहशी झाली. "काय आमदारसाहेब, बैल सुटला तुमचा," असं हमालही ओरडायचे. हेमला मुकाट्याने गाडी हाकायचा. दिवा आणि उंट मात्र हसत नव्हते, कारण मानोऱ्याच्या बाजूला तांडेच तांडे, आणि तांड्यांचं मत कुठे जाणार याचा हिशोब दोघांनीही मांडून ठेवला होता. त्यात आता घागर शिरली होती.

जगदेवराव मला चुलीपाशी गाठून हळूच म्हणाले, "हे बरं झालं लेका. तांडे वकिलाले जानार होते, त्यानं त्यायच्या केसी फुकट चालवल्या. आता ते मतं हेमला खाईन. उंट निघते." दुसऱ्या दिवशी नेमासाव त्याच चुलीपाशी, तेवढ्याच हळू आवाजात: "बरं झालं. तांडे पाटलाच्या बाजूनं होते, पाटील त्यायच्या लग्नायले जाते. आता हेमला खाईन. दिवा लागते." मी दोघांनाही "हो हो" म्हणालो. हॉटेल चालवायचं तर कोणाचंही शास्त्र मोडून चालत नाही.

पुढची बैठक भरली तेव्हा हेमला आणि कमलीबाई दारात हजर. मागे गाडीवाले, बरेच. काही हातात कासरा घेऊनच आलेले. टाळी पाळतात की फिरवतात हे पाहायला आले होते. पण पाहण्यासारखं काही झालंच नाही. जगदेवराव म्हणाले, "देल्ला शब्द मोडत नाई आमी." नेमासाव म्हणाले, "गरिबाचा उमेदवार हाय, त्याले आदी." कमिटीच्या इतिहासात पहिल्यांदा एकमत झालं. शफीकभाई माझ्या कानाशी म्हणाले, "एक ही काम में दोनों का फायदा, ऐसा पैली बार देखा."

"सांग हेमला, काय पाह्यजे?" जगदेवराव म्हणाले. "जीप देऊ? भोंगा देऊ? कागदं छापून देऊ?"

"कागद नाई लागत," हेमला म्हणाला. "माही निशानी घागर हाय. घागरीचा प्रचार पान्यानंच होईन. तुमी मले इटा द्या, चुना द्या, अन् फय्याज गवंडी द्या. बाजारातल्या हीरीपाशी हौद बांधून द्या. सगळ्या तांड्यायच्या गाड्या ततंच येतात. तोच माहा प्रचार."

जीप आणि भोंग्यापेक्षा हौद स्वस्त पडत होता. नेमासावांनी मनातल्या मनात आकडा मोडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "खातं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"पाणी," शफीकभाई म्हणाले, आणि म्हणताना स्वतःच थबकले. ते खातं एवढं सरळ बसेल अशी त्यांना सवय नव्हती.

फय्याज गवंडी कामाला लागला. त्याने लांबलचक हौद बांधला, दोन्ही बाजूंनी जनावरं उभी राहतील असा, आणि विहिरीवर रहाट बसवला. त्याला काम उरकायची घाई होती, पण त्याच्या मागे कमलीबाई रोज उभी. "वरचा थर सारखा कर, फय्याजभाऊ. वासरू बी पोचलं पाह्यजे." फय्याज कुरकुरायचा, "बाई, तुमी उमेदवार का ते?" आणि पुन्हा ओळंबा लावायचा.

हौद भरला त्या दिवशी कोणाचं भाषण झालं नाही, कारण बैलांनी कोणाला बोलूच दिलं नाही. पाण्याच्या वासाने रांगेतल्या जोड्या आपोआप वळल्या. हेमलाने मागून आणलेल्या बैलाने तोंड घातलं ते डोळ्यांपर्यंत. कमलीबाई त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभी होती आणि रडत होती, उघड, पदरबिदर न लावता. माझीही भजी त्या दिवशी करपली.

गंमत पुढे झाली. गाडीवाले हौदापाशी जमायला लागले, म्हणून दिव्याचा भोंगा तिथे आला. दिवा आला म्हणून उंट आला. दोघांनीही हौदाच्या कठड्यावर पाय ठेवून सांगितलं की आम्ही पाणी देऊ. बैल पीत होते. आमच्या भागात उमेदवार पाणी देऊ म्हणत असताना खरोखर पाणी समोर असण्याची ती पहिलीच वेळ असावी.

हेमला मात्र काहीच बोलेना. लोक म्हणाले, "नायक, तुमी बी दोन शब्द बोला. मत मांगा." तेव्हा तो कठड्यावर चढला. कमिटी बाकावर बसून कान टवकारून ऐकत होती.

"भाऊहो," हेमला म्हणाला, "मी पान्यासाठी उभा राह्यलो होतो. पानी आलं. आता मले आमदार होऊन काय कराचं? मुंबई मी पाह्यली नाई, ततं माहे बैल कोन पाहीन? ज्याले तुमाले द्याचं त्याले मत द्या. मले नका देऊ. उगाच वाया जाईन."

आणि तो खाली उतरला.

मग जगदेवराव उठून तरातरा गेले. "हेमला, हे काय? आमी तुले मतं खायले उभं केलं होतं!"

"कोनाचे?" हेमलाने साधेपणाने विचारलं.

आता या प्रश्नाचं उत्तर नेमासावांसमोर कसं देणार? जगदेवरावांनी नेमासावांकडे पाहिलं, नेमासावांनी जगदेवरावांकडे, आणि दोघांनाही एकाच वेळी एकमेकांचं शास्त्र समजलं. त्या दिवशीचा चहा दोघांनी वेगवेगळ्या बाकांवर बसून घेतला.

पण खरी खडाजंगी झाली ती गाडीपाशी. कमलीबाईने हेमलाला असं फैलावर घेतलं की बैलांनीही कान पाडले. "मत नका देऊ? काहून नका देऊ? माही हासळी कोन सोडवीन? तुमचं खरं बोलनं?"

"पानी भेटलं ना वं. मंग खोटं कायले मांगू?"

"खोटं नाई मांगाचं होतं, डिपॉझिटापुरतं मांगाचं होतं! पानी साऱ्या बाजाराले भेटलं. गळा माहा एकटीचा उघडा पडला."

हेमला जू पुसत राहिला. मला विचाराल तर तिचं बरोबर होतं, आणि त्याचंही चुकलं नव्हतं, आणि अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी हे कुठल्याच शास्त्रात नसतं.

मतदान झालं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर निशाणी चिकटवलेली. तांड्यातल्या बाया मतं कुठेही टाकोत, जाता जाता घागरीच्या पेटीला हळदकुंकू लावून गेल्या. हळदकुंकू मोजणीत धरत नाहीत. उंट निघाला, दिवा थोडक्यात विझला, आणि हेमलाचं डिपॉझिट जप्त झालं. हासळी नेमासावांच्या तिजोरीत राहिली.

पाडवा आला. कडुनिंबाला नवी पालवी, पारावर सतरंजी. निवडून आलेले पाटील मध्ये तक्क्याला टेकून, गळ्यात हारांचा ढीग. त्यांच्या एका बाजूला जगदेवराव, दुसऱ्या बाजूला शफीकभाई. खाली गाडीवाले, त्यांच्या मागे हौद, हौदावर बैल. कमलीबाई हौदाच्या कठड्याला टेकून उभी. नेमासाव उठले, घसा साफ केला आणि वाचलं:

"जनावरांचा चारा." आणि त्यापुढे रक्कम. मोठी.

ते थांबले. खालून नेहमीसारखं "पावलं" यायला पाहिजे होतं. आलं नाही. बैलांच्या पिण्याचा आवाज तेवढा येत होता. मग मागून कोणीतरी विचारलं, "कोन्या जनावरानं खाल्ला?"

आमदारसाहेबांनी हार सारखे केले.

नेमासाव घाईने पुढे गेले. "दिवाबत्ती." रक्कम तेवढीच मोठी.

समोरच्या देवळाचा कंदील काचेविना टांगलेला सगळ्यांना दिसत होता.

"पाणी," नेमासाव म्हणाले, आणि आवाज जरा खाली गेला. "हौद, इटा-चुना, गवंडी."

"पावलं!"

मी कैक पाडवे पाहिले, पण असा आवाज ऐकला नाही. कडुनिंबावरचे कावळे उडाले. बैलांनी माना वर केल्या. त्या आवाजात पहिल्या दोन खात्यांचं जे काय व्हायचं ते झालं. कोणी वेगळी शिवी दिली नाही, गरजच पडली नाही. नेमासावांनी कागदाची घडी केली आणि आमदारसाहेबांना बोलायला उठवायला लागले.

"सावजी, एक राह्यलं."

कमलीबाई पुढे आली होती. गाडीवाल्यांनी तिला वाट दिली. ती पाराच्या पायरीपाशी उभी राहिली. मानेवर हासळीची जागा अजून पांढुरकी दिसत होती.

"माही हासळी कोन्या खात्यात लिवली?"

"कोनती हासळी?" जगदेवराव.

"तुमच्या टाळीवर फारम भरला, त्याले लागली ते. सावजीच्या तिजोरीत हाय. हासळी नसती त फारम नसता, फारम नसता त हौद नसता. चारा लिवला, दिवा लिवला, पानी लिवलं. ते कुठं लिवलं, वाचून दाखवा."

"ते काही कमिटीचं देनं नाई, बाई," नेमासाव म्हणाले. "ते डिपॉझिट सरकारजमा झालं. त्याले आमी काय करनार?"

"सरकार हे बसलं ना," ती आमदारसाहेबांकडे हात करून म्हणाली. "याच्या उंटाले चारा देल्ला तुमी. मी तुमच्या हौदाले चांदी देल्ली. मंग धर्म कोनं केला?"

आमदारसाहेब तक्क्याकडे पाहायला लागले. जगदेवराव आपल्या उजव्या हाताकडे. मला वाटतं, त्या हाताला ते मनातून बरंच काही बोलले असावेत. शफीकभाई मात्र म्हणाले, "पाणी में बैठते. हौद का खर्च हाय वो."

"पाहू, पाहू," नेमासाव म्हणाले. "पुढच्या बैठकीत घेऊ."

कमलीबाईने हात पुढे केला, तळवा वर करून. बाईच्या हातावर बाजारात कोणी टाळी दिली नव्हती. "बैठक नाई. टाळी द्या."

खाली बसलेले गाडीवाले एकेक करून उभे राहिले. पुढच्या हंगामाचा सगळा कापूस तिथे उभा होता, आणि त्यातून कापायचा धर्मादाही. नेमासावांना हिशोब पटकन जमायचा. त्यांनी आपला हात वर केला आणि तिच्या पंज्यावर टाळी दिली. आवाज फार झाला नाही, पण ऐकला सगळ्यांनी.

हासळी तिथेच आणावी लागली. नेमासाव स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले, धोतराने पुसत, जणू आपल्याच घरची लेक सासरी पाठवतात. आमदारसाहेबांचं भाषण तोवर थांबलं होतं, ते पुढे झालंच नाही. मला माझंही दिसत होतं: पाण्याचं खातं आता हासळीपर्यंत भरलं होतं, कमिटीच्या चहाला त्यात थेंबाची जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना चहा नगदी केला. जगदेवरावांनी बाकी टाकायला सांगितली, तेव्हा मी म्हणालो, टाळी द्या. ते पैसे देऊन गेले.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. पाडव्याच्या दिवशी नेमासावांनी हासळी पुढे केली, तेव्हा कमलीबाईने ती लगेच गळ्यात घातली नाही. हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, आणि पाराशेजारच्या तोलाच्या काट्याकडे चालत गेली. अख्खा बाजार मागोमाग. तिने हासळी पारड्यात ठेवली आणि नेमासावांना म्हणाली, "तोला, सावजी. अन् याच्यातून धर्मादा कापू नका."